उताराला आडवे घर

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे महाराष्ट्राचे यवतमाळ व चंद्रपूर हे जिल्हे आहेत, तर पश्चिमेला किनवटकडून नांदेड जिल्हा येऊन भिडतो. त्यामुळे तेलंगणात असूनही या जिल्ह्यातील अनेक गावांत मराठी ही घरची, बाजाराची आणि सोयरिकीची भाषा राहिली आहे. 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या, विस्तीर्ण आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तरी आजच्या लहान जिल्ह्यातही भूमीची दोन अगदी निराळी रूपे शिल्लक आहेत. बेला, जैनथ या भागांत पैनगंगेच्या काठची कपाशीची सपाट काळी जमीन आहे, आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे सरकत गेल्यास इंद्रवेल्ली, उटनूर, नारनूर, गादीगुडा, सिरिकोंडा हा डोंगर, पठारे, ओढे आणि सागवानी जंगल यांचा मुलूख लागतो. गेल्या काही दशकांत या दोन्ही भूरूपांवर घर मात्र एकाच साच्याचे उभे राहू लागले आहे: चौकोनी जोते, चार भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब किंवा पत्रा. सपाटीवर हा साचा चालून जातो, पण डोंगरावर तो बसवायचा तर आधी डोंगर कापून सपाट करावा लागतो, आणि घराचा बराचसा पैसा व पुढची बरीचशी दुखणी याच कापाकापीतून निर्माण होतात.

या डोंगरांची घडण समजल्याशिवाय त्यांवरील घराचा विचार करता येत नाही. सातमाळा म्हणून ओळखली जाणारी ही रांग सह्याद्रीचाच पूर्वेकडे गेलेला फाटा मानली जाते आणि तिच्या पश्चिम भागात महाराष्ट्राच्या परिचयाचा काळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हारस थंड होऊन बनलेला खडक, आडव्या थरांनी रचलेला आहे. हे सर्व थर सारख्या कठीणपणाचे नसतात. घट्ट कातळाच्या थरावर सच्छिद्र, लवकर झिजणारा थर असतो, ज्याला विहिरी खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि अधूनमधून दोन थरांच्या सांध्यात तांबड्या मातीचा पातळ पट्टा आढळतो. कातळ टिकतो, मांजऱ्या झिजतो आणि म्हणून डोंगराची बाजू सलग घसरती न राहता पायऱ्यापायऱ्यांची होते, ज्यात थोडी चढण, मग अरुंद सपाटी, पुन्हा चढण असा क्रम असतो. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने या रचनेचे दोन परिणाम महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे बसण्याजोगी जागा निसर्गानेच तयार ठेवलेली असते, फक्त ती लांबट आणि अरुंद असते. आणि दुसरा असा की पावसाचे मुरलेले पाणी थरांच्या सांध्यापर्यंत उतरते, तेथे अडते आणि आडवे वाहत डोंगराच्या बाजूवर पाझरून बाहेर पडते. उन्हाळ्यात हाच पाझर वस्तीचा आधार असतो, पण घराची मागची खोदाई नेमकी त्या सांध्यावर आली, तर तोच पाझर भिंतीतून आत येतो आणि दिवाळी उलटून गेली तरी खोलीची जमीन ओली राहते.

या मुलखातील गोंड आणि कोलाम वस्त्यांची जुनी घरे या जमिनीवर फारशी खोदाई न करता उभी राहत आली. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940च्या दशकात हैदराबाद संस्थानातील या भागात राहून अभ्यास केला आणि आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ 1948 साली प्रसिद्ध झाला; त्यांचे वास्तव्य ज्या मारलवाई गावात होते ते आता शेजारच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले आहे. त्या काळापासून परिचित असलेले येथील घर म्हणजे लाकडी खांबांचा सांगाडा, बांबूच्या कामट्या विणून केलेला कूड, त्यावर मातीशेणाचा लेप, पुढे ओसरी आणि वर गवताचे किंवा कौलांचे उतरते छप्पर. या रचनेतील महत्त्वाची गोष्ट अशी की छपराचा भार खांबांवर असतो आणि कूड केवळ आडोसा करतो. खांब जमिनीत पुरलेला असल्यामुळे खालच्या अंगाचा खांब वीतभर लांब आणि वरच्या अंगाचा तेवढाच आखूड ठेवला, की जमीन न कापताही आढे समपातळीत येते. घराच्या खालच्या अंगाला दगड रचून, त्यात माती भरून जोते उचलायचे आणि तीच उंचवट्याची जागा ओसरी म्हणून वापरायची, ही सोय त्यातूनच निघते. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भारवाही भिंतींना, म्हणजे छपराचे ओझे स्वतः पेलणाऱ्या भिंतींना, ही लवचिकता नसते. त्यांना सर्व बाजूंनी समपातळीतला पाया लागतो. कूड गेला आणि वीट आली, या बदलाची चर्चा नेहमी टिकाऊपणाच्या अंगाने होते, पण डोंगरउतारावर त्याचा पहिला परिणाम जमिनीवर होतो, हे क्वचितच लक्षात घेतले जाते.

अर्थात जुन्या घराचे गोडवे गाऊन प्रश्न सुटत नाही. पुरलेल्या खांबाला वाळवी लागते, गवताचे छप्पर वारंवार शाकारावे लागते आणि त्याला आगीची भीती असते, सागाचे लाकूड जंगलातून पूर्वीसारखे आणता येत नाही आणि पक्के घर हवे ही रहिवाशांची इच्छा सर्वस्वी रास्त आहे. प्रश्न एवढाच की पक्के घर उताराशी कसे जुळवून घ्यावे; आणि त्याचे उत्तर महाराष्ट्रातील शेतकऱ्याला वेगळ्या संदर्भात पाठ आहे. मृद्संधारणाची शिकवण देणारे उताराला आडवी नांगरट, आडवी पेरणी करायला सांगतात, कारण उताराच्या दिशेने ओढलेले तास पाण्याला वाट करून देते आणि माती घेऊन जाते. घराच्या बाबतीतही नियम तोच आहे.

यासाठी समोच्च रेषा ही कल्पना समजून घ्यावी लागते. जमिनीवरील सारख्या उंचीचे बिंदू जोडले म्हणजे जी रेषा मिळते ती समोच्च रेषा. त्या रेषेवरून चालणारा माणूस चढतही नाही आणि उतरतही नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशांवर अशा दोन रेषांमध्ये साधारणपणे 20 मीटर उंचीचे अंतर असते, त्यामुळे ते डोंगर ओळखण्यास उपयोगी असले तरी घराच्या जागेसाठी निरुपयोगी ठरतात. तेथे फूट-दीड फुटाच्या अंतराने रेषा आखलेली स्वतंत्र मोजणी हवी. मोठ्या कामासाठी ती यंत्राने होते, पण लहान घरासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन काठ्या पुरतात, कारण नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते आणि गवंड्यांच्या हातात हे साधन असतेच.

एक उदाहरण आकड्यांनी पाहण्यासारखे आहे. 30 फूट लांब आणि 14 फूट रुंद असे 420 चौरस फुटांचे घर, दर सहा फुटांना एक फूट उतरणाऱ्या जमिनीवर बांधायचे आहे आणि वरच्या अंगाची अर्धी जागा खोदून निघालेली माती खालच्या अर्ध्या जागेत भरायची आहे, असे समजू. घराची लांबी उताराच्या दिशेने ठेवली तर दोन टोकांच्या उंचीत 5 फुटांचा फरक पडतो, मागे अडीच फूट खोल कापावे लागते आणि सुमारे 262 घनफूट, म्हणजे अडीच ब्रासहून अधिक माती निघते. तेच घर आडवे, म्हणजे समोच्च रेषेला समांतर ठेवले, तर फरक 2 फूट 4 इंचांवर येतो, मागची खोदाई 14 इंचांची होते आणि माती सुमारे 122 घनफूट निघते. आता 14 फुटांच्या रुंदीतील 9 फूट खोल्यांना आणि 5 फूट ओसरीला देऊन ओसरी खोल्यांपेक्षा खालच्या पातळीवर घेतली, तर खोदाई 66 घनफुटांवर येते, मागचा काप जेमतेम 9 इंचांचा राहतो आणि खोली व ओसरी यांच्यातील 14 इंचांचा फरक सात-सात इंचांच्या दोन पायऱ्यांत सुटतो. जागा तीच, उतार तोच आणि घराचे क्षेत्रफळही तेच असताना केवळ घर फिरवल्याने आणि दोन पायऱ्या दिल्याने खोदाई एक चतुर्थांशावर येते, ही गोष्ट कोणत्याही महागड्या साहित्यापेक्षा मोलाची आहे. हिमालयातील पिथौरागढ भागात अनेक वर्षे काढून नंतर केरळात स्थायिक झालेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर (1917–2007) यांनी बांधकामाचा खर्च कमी करण्यासंबंधीच्या आपल्या सचित्र लेखनात समोच्च रेषांना समांतर बांधण्याचा हाच आग्रह धरला होता.

खोदाई कमी करण्यामागे पैशांइतकेच सुरक्षिततेचेही कारण आहे. खोदलेली जागा ही शतकानुशतके दबून घट्ट झालेली मूळ जमीन असते, तर भराव सैल असतो आणि कितीही धुम्मस केला तरी पुढचे काही पावसाळे तो बसत राहतो. एकाच भिंतीचा अर्धा पाया मूळ जमिनीवर आणि अर्धा भरावावर आला, की अर्धी भिंत स्थिर राहते, उरलेली खचते आणि मध्ये तिरकी भेग पडते. भराव हा फक्त जमीन समपातळीत आणण्यासाठी असतो, भिंतीचा पाया मात्र भराव भेदून मूळ मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलाच पाहिजे, हा नियम साधा असला तरी खर्च वाचवण्याच्या नादात सर्वांत आधी तोच मोडला जातो. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव 30 जुलै 2014 रोजी दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. परंतु पुनर्वसनासाठी डोंगरउतारावर टप्पे पाडून वसवलेल्या नव्या माळीणमध्येही 2017च्या पहिल्याच पावसाळ्यात भराव खचून रस्त्यांना भेगा पडल्या, याची आठवण तितकीशी ठेवली जात नाही. आदिलाबादचे डोंगर बुटके आहेत, पाऊसही सह्याद्रीच्या माथ्याच्या मानाने पुष्कळच कमी, साधारण हजार मिलिमीटरच्या आसपासचा आहे, त्यामुळे तेथे त्या प्रमाणावरील संकटाची भीती दाखवणे अतिशयोक्तीचे होईल. भरावाचा स्वभाव मात्र सगळीकडे सारखाच असतो.

पावसाचे पाणी हा दुसरा आणि बहुधा अधिक अवघड विषय आहे. आडव्या घराचे आढेही आडवे असते, म्हणून दुपाखी छपराचे निम्मे पाणी खालच्या अंगाला आणि निम्मे वरच्या, म्हणजे डोंगराच्या अंगाला पडते. हे वरचे पाणी आणि डोंगरावरून वाहत येणारे पाणी दोन्ही मागच्या भिंतीशी एकत्र येतात. म्हणून मागची भिंत आणि कापलेला डोंगर यांच्यामध्ये निदान दोन-तीन फुटांची मोकळी वाट ठेवावी लागते, तिच्यात दोन्ही टोकांकडे उतार दिलेली गटार लागते, आणि घराच्या बऱ्याच वर जमिनीवर एक आडवा चर खणून येणारा लोंढा घराला वळसा घालून नैसर्गिक ओघळीत सोडावा लागतो. पाणलोट क्षेत्राच्या कामात माथा ते पायथा असा जो क्रम सांगितला जातो, तो एका घराच्या अंगणातही लागू पडतो. एकपाखी छप्पर घेऊन त्याचा उतार जमिनीच्या उताराबरोबरच ठेवला तर मागचा त्रास बराच कमी होतो, आणि सगळे पाणी एकाच पन्हळीत मिळत असल्यामुळे ते साठवणेही सोपे जाते. 420 चौरस फुटांच्या छपरावर हजार मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी वर्षाला सुमारे 31 हजार लिटर पाणी मिळते. ज्या डोंगरी वस्त्यांत उन्हाळ्यात पाण्यासाठी ओढ्यापर्यंत उतरावे लागते, त्यांच्या दृष्टीने हा आकडा किरकोळ नाही.

मागचा काप तीन-चार फुटांपेक्षा उंच झाला तर तो धरून ठेवण्यासाठी धारक भिंत, म्हणजे गवंडी ज्याला रिटेनिंग वॉल म्हणतात ती, बांधावी लागते. अशी भिंत पडते ती बहुतेक वेळा मातीच्या रेट्यापेक्षा मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने. म्हणून भिंतीत ठरावीक अंतरावर पाणी निघण्यासाठी भोके ठेवणे आणि तिच्या मागे मातीऐवजी गोट्यांचा थर भरणे अत्यावश्यक ठरते. सिमेंटने गुळगुळीत केलेली, एकही भोक नसलेली भिंत मजबूत दिसते, पण पावसाळ्यात ती धरणाचे काम करू लागते, आणि तेवढ्या ताकदीने ती कोणीच बांधलेली नसते. त्या मानाने बेसॉल्टच्या दगडांची, चुन्या-सिमेंटाविना रचलेली, वर जाताना डोंगराकडे किंचित कललेली बुटकी भिंत अधिक शहाणपणाची, कारण तिच्यातून पाणी आपोआप झिरपून जाते.

डोंगराच्या कुशीतील सपाट तुकड्यांवर आणि पठारांवर काळी माती साठलेली असते आणि ती पाहताच घर बांधण्याचा मोह होतो, पण ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, तिच्या भेगांत हात जाईल इतकी. तिच्यावर उथळ पाया घेतलेले घर दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे खाली बसते. उपाय नाहीत असे नाही: रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगीर बूड असलेले काँक्रीटचे पाइल अशा जमिनीसाठी विकसित केले, तर आयआयटी मुंबईचे आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा जाड, दाबलेला थर देण्याची पद्धत मांडली, जी कालव्यांच्या कामातही वापरली गेली. लहान घरासाठी मात्र सर्वांत स्वस्त उपाय काळ्या मातीची जागा कपाशीला किंवा ज्वारीला सोडून मुरमाड उताराकडे सरकणे हाच आहे, आणि उतारावर कसे बांधावे हे माहीत असेल तरच तो उपाय उपलब्ध होतो.

उतारावरील आधुनिक घर म्हटले की अनेकांच्या नजरेसमोर उंच काँक्रीटच्या खांबांवर तोललेली, दरीकडे काचा लावलेली वास्तू येते. अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी 1930च्या दशकात पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर उभारलेले फॉलिंगवॉटर हे या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध घर. परंतु त्याचे पुढे झेपावणारे सज्जे बांधल्यापासूनच वाकू लागले आणि अखेर 2002 साली पोलादी तारांचा ताण देऊन ते सावरावे लागले. कुंटाला आणि पोचेरा हे धबधबे याच जिल्ह्यात असल्यामुळे हा दाखला येथे अस्थानी वाटू नये. खांबांवरच्या घराची एक अडचण भूकंपाशी निगडित आहे: खालच्या अंगाचे खांब लांब आणि वरच्या अंगाचे आखूड असतात, आणि खांबाची उंची निम्मी झाली की त्याचा ताठरपणा आठपट होतो, त्यामुळे जमीन हलताना बहुतेक धक्का आखूड खांबांवर येऊन तेच आधी फुटतात. तेलंगण तुलनेने शांत प्रदेश मानला जातो, तरी 4 डिसेंबर 2024 रोजी मुलुगू परिसरात 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला. लाकडी सांगाड्याच्या हलक्या घराला लांब-आखूड खांब चालून जात होते, म्हणून ते जड स्लॅबखालीही चालतील असे मानणे धोक्याचे आहे. एकंदरीत, अभियंत्याचा सल्ला परवडत नसेल तेथे खांबांवर उचललेल्या घरापेक्षा जमिनीला टेकलेले, टप्प्याटप्प्यांचे बुटके घरच श्रेयस्कर.

ऊन आणि थंडी यांच्या बाबतीत समोच्च रेषेचा नियम कधीकधी आडवा येतो, हे मान्य करायला हवे. उतार उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे असेल तर आडव्या घराच्या लांब बाजू आपोआपच उत्तर-दक्षिण येतात आणि उन्हाळ्यात ते सोयीचे ठरते; पण उतार पश्चिमेकडे असेल तर घराची लांब बाजू पंचेचाळीस अंशांपर्यंत जाणाऱ्या एप्रिल-मेच्या उन्हाला सामोरी जाते. अशा वेळी घर फिरवण्याऐवजी त्या बाजूला खोल ओसरी, न्हाणीघर आणि धान्याची जागा घ्यावी. हिवाळ्यात हा प्रदेश तेलंगणातील सर्वांत थंड भागांत मोडतो, आणि रात्री जड झालेली गार हवा उतारावरून घरंगळत खोलगट जागी साठते, म्हणून ओढ्याच्या पात्राजवळच्या खोलगटापेक्षा उताराचा मधला टप्पा अधिक उबदार असतो. जाड मातीची किंवा दगडाची भिंत दोन्ही ऋतूंत उपयोगी पडते. पत्रा दोन्हीही ऋतूंत त्रास देतो.

हे सारे कोणासाठी, हा प्रश्न आदिलाबादमध्ये लोणावळा-माथेरानपेक्षा वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. गोंड नेते कुमरम भीम यांचा जमीन आणि जंगल यांवरील हक्कासाठीचा लढा 1940 साली जोडेघाट येथे त्यांच्या मृत्यूने संपला, तरी त्या प्रश्नाने पुढील कायद्यांना दिशा दिली, आणि जमीन हस्तांतरणविषयक कायद्याच्या 1970च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगरआदिवासींना हस्तांतरित करण्यास कायद्याने मनाई आहे. डोंगरावर बंगले बांधणारा शहरी ग्राहक उटनूरच्या अनुसूचित पट्ट्यात कायदेशीररीत्या येऊच शकत नाही. तेथील आधुनिक घराचे मालक गोंड, कोलाम, परधान, थोटी हेच असणार आणि त्यांतील बहुतेक घरे सरकारी योजनांतूनच उभी राहणार. कोलाम व थोटी यांसारख्या विशेष असुरक्षित आदिम समूहांसाठी केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्ये पीएम-जनमन योजना सुरू केली, आणि तेलंगण राज्याच्या मार्च 2024 मध्ये सुरू झालेल्या इंदिरम्मा घरकुल योजनेत निदान 400 चौरस फुटांच्या घरासाठी पाच लाख रुपये टप्प्याटप्प्याने दिले जातात.

या टप्प्यांची विभागणी पाहिली की उताराचा प्रश्न हिशेबाच्या वहीत स्पष्ट दिसतो. इंदिरम्मा योजनेचा एक लाखाचा पहिला हप्ता जोते पूर्ण झाल्यावर मिळतो, म्हणजे तोपर्यंतचा खर्च कुटुंबाने उसनवारी करून भागवायचा असतो. आणि डोंगरावरील घर सपाटीवरील घरापेक्षा महाग होते ते नेमके जोत्यातच, छपरात किंवा दारा-खिडक्यांत नव्हे. चौकोनी नकाशा आणि एकाच पातळीचे जोते यांचा आग्रह धरला तर खालच्या अंगाला तीन-चार फूट दगडी बांधकाम आणि गाडीभर भराव लागतो, व पहिला हप्ता हाती येण्याआधीच कर्ज डोक्यावर बसते. योजनेत किमान क्षेत्रफळ ठरवलेले असले, तरी तेच क्षेत्रफळ लांबट घरातही बसते. मंडल पातळीवरील अभियंत्याने जागेवर पाणनळी लावून उतार मोजला आणि वर दिला आहे तसा 30 बाय 14 फुटांचा, ओसरी दोन पायऱ्या खाली घेतलेला नकाशा मंजुरीसाठी ठेवला, तर गादीगुड्याच्या उतारावरील जोते आणि बेल्याच्या सपाटीवरील जोते यांच्या खर्चातील अंतर बरेच आखडते.